पायाखालचा कापूस

माहेरी सप्ताहाला गेले की मी कीर्तनाला थोडी उशिराच पोचते आणि मंडपाबाहेरची पायताणं बघत घटकाभर रेंगाळते. खोड आहे, जात नाही. कुणी जोड भिंतीला नीट टेकवून ठेवतो, कुणी चालता चालताच एक इथं नि एक तिथं भिरकावून आत घुसतो. यंदा काल्याच्या दिवशी त्या पसाऱ्यात प्लॅस्टिकच्या चपला होत्या, अंगठा तुटल्यावर सेफ्टी पिन लावलेली हवाई चप्पल होती, दोन-तीन म्हाताऱ्यांच्या टायरच्या वहाणा होत्या, आणि मधोमध एक पोपटी बूट उभा होता. चांगला दोन बोटं जाड तळ, टाचेकडं तर बुटाच्याही बाहेर आलेला. वर पाय घालायला जेमतेम जागा, खाली नुसता फोमचा ठोकळा. येणारा-जाणारा वाकून बघत होता. एका आजोबांनी काठीच्या टोकानं तळ दाबून पाहिला. काठी आत रुतली, काढली तशी खळगी भरून आली. आजोबांनी पुन्हा दाबली. आत महाराज गोपाळांच्या शिदोऱ्यांवर आले होते, पण आजोबा काही हलेनात.

बूट माझ्या भाच्याचा निघाला.

तो पोलीस भरतीच्या मागे आहे. आमच्या बीड जिल्ह्यात पहाटे गाडीनं जाताना हेडलाइटच्या उजेडात रस्त्याच्या कडेनं धावणारी पोरंपोरी दिसतात, ती बहुतेक याच वाटेवरची. शारीरिक चाचणीच्या ५० गुणांपैकी २० एकट्या धावण्याला. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००. मुलांना पूर्ण २० हवे असतील तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. सरावाला मैदान सगळ्यांना कुठलं? डांबरी रस्ता हेच मैदान. डांबरावर रोज पाय आपटले की नडग्या ठणकायला लागतात, तशा याच्याही लागल्या. कुणीतरी सांगितलं, सरावाला जाड तळाचे बूट घाल, चाचणीला पातळ. घरात त्यावरून बरीच बोलाचाली झाली म्हणे. तेवढ्या पैशात करडू आलं असतं, हे माझ्या आईचं म्हणणं, आणि करडाच्या बाजारात तिला कुणी फसवू शकत नाही.

माझी टाच दुखते हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. शाळेत शहाबादी फरशीवर उभं राहण्यात वर्षं गेली. आता सकाळी पहिलं पाऊल टेकवताना भिंत धरावी लागते. डॉक्टर म्हणाले, तळव्याचा पडदा सुजलाय, मऊ पायताण वापरा. आईचा इलाज काशाच्या वाटीचा. तळव्याला तूप लावायचं आणि वाटीचं बूड गोल गोल घासत राहायचं. हळूहळू तूप काळं पडतं, तळवा राखाडी होतो आणि आई समाधानानं म्हणते, बघ, किती उष्णता होती अंगात. तो काळेपणा काशातल्या तांब्याचा आणि तुपाचा मिळून होतो हे मी वर्गात शिकवलेलं आहे. आईपुढं बोलत नाही. वाटी तिसऱ्या फेऱ्याला आली की मला झोप लागते, विज्ञान तिथंच संपतं.

"आत्या, टाच दुखायली ना अजून? घालून तर बघ," भाचा म्हणाला. त्याचा पाय माझ्यापेक्षा मोठा. दोन मोजे चढवले, नाडी आवळली आणि ओसरीवर उभी राहिले. एक पाऊल टाकलं, दुसरं टाकलं. पायाखाली कापूस होता.

तसा कापूस मी फार वर्षांत तुडवला नव्हता.

आमचं गाव माजलगावकडचं, काळ्या रानाचं. दिवाळी झाली की घरातली एक खोली आमची राहायची नाही. वेचणीचा कापूस आधी कोपऱ्यात पडायचा, मग ढीग खिडकीपर्यंत चढायचा, मग दार उघडताना तोच आतून दार ढकलायचा. भाव येईपर्यंत तो तिथंच आणि आम्ही भावंडं त्याच्यावर. ढीग आतून कोमट असतो. थंडीत त्यात गळ्यापर्यंत शिरून बसायचं. कच्च्या सरकीचा तेलकट वास, केसांत वाळक्या पानांचा चुरा, अंगाला खाज. त्या खोलीत चिमणी न्यायला बंदी होती, म्हणून तिथं अंधारातच गप्पा चालायच्या. ज्याला झोप लागेल तो खाली खाली रुतत जायचा आणि सकाळी आई हात घालून एकेकाला उपसून काढायची.

खरं काम गाडी भरायच्या दिवशी. बैलगाडीला चारी बाजूंनी बल्ल्या रोवून बारदान बांधायचं, पुरुषभर उंच. वडील खालून गाठोडी वर फेकायचे आणि आम्ही आत उभं राहून तुडवायचो. पहिल्यांदा मांडीपर्यंत पाय जायचा. उपसून काढावा तर दुसरा जायचा. मग गुडघ्यापर्यंत, मग घोट्यापर्यंत, आणि एक वेळ अशी यायची की कापूसच पायाला वर ढकलू लागायचा. "कडंकडंनं तुडवा, मधी नाचू नका," वडील खालून ओरडायचे. मध्येच तुडवलं तर कडा सैल राहतात आणि वाटेत भार एका अंगाला येऊन गाडी कलते. आम्हाला अर्थात मध्येच नाचायचं असायचं. तुडवून तुडवून पोटऱ्या भरून यायच्या, पण दुखायच्या नाहीत. तळव्याला सरकीचे दाणे लागायचे, मऊपणाच्या आत बारीक बारीक कठीण. तेवढंच काय ते टोचणं. एरवी आमच्या रानात पायाला सराटे, बाभळीचे काटे, उन्हाळ्यात तापलेली ढेकळं आणि पावसाळ्यात मणभर चिखल. वर्षातून तेवढे दोन-तीन दिवस पायांची चंगळ असायची.

त्या काळी कापूस सरकारलाच घालायचा. १९७२ पासून राज्यात एकाधिकार खरेदी होती. गाडी संध्याकाळी निघायची, म्हणजे उजाडायच्या आत नंबर लागेल. मी हट्टानं वर बसून जायची. आम्हीच तुडवलेल्या कापसावर पालथं पडलं की रस्ता आहे हेच कळायचं नाही. खड्डा आला की बैलांच्या घंटा अडखळायच्या, त्यावरून खड्डा समजायचा. केंद्रावर गाड्यांची ही रांग. ग्रेडर आला की काही न बोलता कोपरापर्यंत हात खुपसायचा आणि पार तळातला कापूस मूठभर ओढून काढायचा, कारण वर कोरडा दाखवून खाली ओला भरणारे असायचेच. आम्ही तसं काही केलेलं नसायचं, तरी त्याचा हात बाहेर येईपर्यंत माझा श्वास अडकायचा. वडील तेव्हा भलतीकडंच बघत उभे राहायचे. गाडी रिकामी करताना कापूस थराथरांनी निघायचा, आणि आमच्या पायांनी केलेले ते थर हमालांना फावड्यानं फोडावे लागायचे. परतताना मात्र रिकाम्या गाडीच्या फळ्यांवर बसून रस्त्यातला खडा न् खडा मणक्यात मोजत यायचं. वडील गूळ-शेंगदाण्याची पुडी घ्यायचे. ती मी एकटीनं खाल्ल्याचा आरोप भावानं आजतागायत मागे घेतलेला नाही.

बुटातल्या फोमचंही पुढं त्या तुडवलेल्या कापसासारखंच होतं. आतले बुडबुडे दबत जातात आणि काही शे किलोमीटर धावल्यावर तळ दिसायला जाडच राहतो, पण उसळी संपते. या फोमला इथिलीन विनाइल असिटेट म्हणतात. नुसती नावं घेऊन पाय दुखायचा थांबला असता तर काय हवं होतं.

हे जाडजूड बूट निघाले फ्रान्समध्ये. आल्प्सच्या उतारावरून भरधाव खाली येताना गुडघे शाबूत राहावेत म्हणून निकोला मेर्मू आणि ज्याँ-ल्यूक दियार या दोघांनी २००९ मध्ये होका नावाची कंपनी काढली. लोक हसले, जोकरचे बूट म्हणाले. गंमत अशी की त्याच वर्षी अमेरिकेत ख्रिस्तोफर मॅकडूगलचं 'बॉर्न टू रन' आलं. मेक्सिकोच्या डोंगरातले रारामुरी लोक टायरचा तळ असलेल्या वहाणा घालून मैलोन् मैल धावतात, मग आपल्याला बूट कशाला हवेत, असा त्याचा सूर. शहरी लोकांनी बूट फेकले आणि बोटाबोटांचे मोजे घालून धावायला लागले. टायरच्या वहाणा माझ्या आजोबांनी जन्मभर घातल्या. त्यांच्यावर पुस्तक निघालं नाही हे ठीकच झालं, ते पहिल्या पानावरच म्हणाले असते की चामड्याचा जोड परवडत नव्हता.

अनवाणी पायाचं कौतुक मला सोसत नाही, आणि हे मी शिक्षिका असून म्हणते. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे म्हणजे आमच्या जिल्ह्याचं भूषण. बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत २०२२ मध्ये ३००० मीटर स्टीपलचेसचं रौप्य, सुवर्ण हुकलं ते सेकंदाच्या विसाव्या हिश्शानं. पुढच्या वर्षी हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण. जुलै २०२४ मध्ये पॅरिसला ८ मिनिटं ९.९१ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम. अठ्ठावीस अडथळे आणि सात वेळा पाण्यावरून उडी, तीही आष्टीसारख्या टँकरच्या तालुक्यातल्या माणसानं. शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात पाहुणे सांगतात, तो लहानपणी सहा किलोमीटर पळत शाळेत जायचा. टाळ्या पडतात. जायला गाडी नव्हती म्हणून जायचा, एवढं वाक्य भाषणातून गळतं. समोर बसलेल्या पोरांपैकी निम्मी आजही तशीच आलेली असतात. पुढे तो महार रेजिमेंटमध्ये गेला, सियाचीनला राहिला आणि धावपटू घडला तो लष्करात, खुराकावर, प्रशिक्षकाच्या हाताखाली आणि बऱ्या बुटांत.

ट्रॅकवरच्या शर्यतीचे बूट मात्र पातळच लागतात. ट्रॅकवर तळाची जाडी २० मिलिमीटरच्या वर नको आणि रस्त्यावर ४० पर्यंत चालेल, असा जागतिक ॲथलेटिक्स संघटनेचा नियम आहे. फोम आता इतका उसळतो की पाय कुणाचे आणि उसळी कुणाची, हा प्रश्न पंचांना पडू लागला होता.

जाड तळानं पाय वाचतात का, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. फिनलंडच्या संशोधकांनी २०१८ मध्ये डझनभर धावपटूंना जाड आणि साधे असे दोन्ही बूट घालून पळवलं. वेग वाढवल्यावर जाड बुटांतच दणका जास्त निघाला, कारण मऊ लागतंय म्हटल्यावर पाय आपोआप ताठ पडतो. लक्झेंबर्गमध्ये आठशेहून जास्त हौशी धावपटूंवर प्रयोग झाला, त्यात कठीण तळवाल्यांना दुखापती जास्त झाल्या, आणि मऊ तळाचा फायदा दिसला तो हलक्या अंगाच्यांना. मी भाच्याला दोन्ही सांगितलं. त्यानं लक्झेंबर्गचं तेवढं ऐकलं.

मला विचाराल तर ओसरीवरून अंगणात, अंगणातून गोठ्यापर्यंत मी त्या बुटांत हिंडून आले आणि टाचेनं कुरकूर केली नाही. घोटा मात्र शेणाच्या ओल्या जागी एकदा कलला. उंचावर उभं राहिल्याची किंमत ती. आईनंही लुगड्याखाली ते चढवून पाहिले, चार पावलं टाकली आणि जाहीर केलं की हे घालून माणूस पडणार आहे. मग आणखी चार टाकली.

एवढ्यात शेजारची काकू आली. दसरा झाला की ती आणि काका ऊसतोडीला कारखान्याला जातात. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, मुकादमाची उचल दोघांच्या नावावर. तिनं बूट हातात घेतला, उलटा केला आणि अंगठ्यानं तळ दाबला. अंगठा जाईल तेवढा जाऊ दिला.

"फडात नाही चालायचं हे," ती म्हणाली. "खोडकी आरपार जाईल."

तिचं बरोबर होतं. ऊस जमिनीलगत तिरका छाटतात. जे खोडूक उरतं त्याची धार पाचटाखाली दिसत नाही, पाय पडल्यावरच कळते. तिथं पायाला मऊपणा नको, आडोसा हवा.

"पण मोळी घेऊन फळीवर चढताना बरं पडंल," तिनं बूट पुन्हा सुलटा केला. "पिंढऱ्या तिथंच तुटतेत. खालून टायर अन् आतून हे, असं कुणी करीत न्हाई का?"

भाच्यानं मोबाइल काढला. डोंगरात धावायच्या बुटांत फोमच्या पोटात एक कडक पातळ पट्टी बसवलेली असते आणि खाली रबराच्या खुट्या, ते त्यानं चित्रांसकट दाखवलं. काकूनं चित्र बोटांनी मोठं करून नीट पाहिलं, किंमत विचारली आणि ऐकून हसली.

"म्हंजी बुटासाठी येगळी उचल."

"आन् तुझे हे कधी दबतेत?" तिनं मग भाच्याला विचारलं.

"भरती झाल्याबिगर देत नसतो."

"नको देऊ. पुढच्या हंगामाला दे."

"काकू, आठ नंबरचे हायेत."

"मग काय झालं? चिंध्या कोंबीन की."