संगणकाचे दात

जुनी वस्तू दुरुस्त करावी की नवी घ्यावी, या प्रश्नावर सल्ला द्यायला त्या वस्तूची माहिती असावी लागत नाही. उलट माहिती असली की सल्ला अडखळतो. घराचे पत्रे, स्कूटर आणि डावीकडची दाढ या तीन बाबतींत मी हा अनुभव घेऊन चुकलो होतो. चौथी बाब २०२५ च्या दिवाळीच्या सुमारास घरात उद्भवली. ती म्हणजे संगणक. आणि तोही खेळाचा!

शहाद्याहून तोरणमाळकडे निघालात की सातपुडा अंगावर यायच्या आत आमचे म्हसावद लागते. अशा गावात शिक्षक निवृत्त झाला की त्याने भजनी मंडळात बसावे किंवा शेतात पपई लावावी, अशी अपेक्षा असते. तो जर शनिवारी रात्री साडेनऊला कानावर हेडफोन चढवून "अरे लाकूड संपलं, लाकूड पाठव!" असे ओरडू लागला, तर शेजारी आधी खिडकीशी येतात आणि मग हिला विचारतात, "सरांची तब्येत बरी आहे ना?"

हा संगणक २०१४ साली मुलासाठी घेतला. अर्थातच अभ्यासासाठी. त्या काळात महाराष्ट्रात जेवढे संगणक घरोघरी आले ते सगळे अभ्यासासाठीच आले. खेळासाठी एकही विकला गेला नसावा. पुढे वर्षभरात त्यात जीटीएक्स ७५० टीआय नावाचे एक कार्ड बसले, तेही अभ्यासातल्या आकृत्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून. बारावी झाली, चिरंजीव इंजिनिअरिंगला पुण्याला गेले, तिथेच नोकरीला लागले. जाताना दोन गोष्टी मागे ठेवून गेले : संगणक आणि आईबाप. तेव्हापासून दोन्हींची सर्व्हिसिंग फोनवरून चालते.

२०२० च्या टाळेबंदीत तो घरी अडकला आणि दुपारचा वेळ जाईना म्हणून त्याने मला 'एज ऑफ एम्पायर्स'चा दुसरा भाग शिकवला. मूळ खेळ १९९९ चा, २०१९ च्या नोव्हेंबरात तो नव्या रूपात आला. हाताशी चार गरीब माणसे घ्यायची, त्यांच्याकडून लाकूड तोडून, शेती करून घ्यायची, मग गढी बांधायची, सैन्य उभे करायचे आणि शेजाऱ्याच्या अंगावर जायचे. चाळीस पटाच्या वर्गाचा वर्गशिक्षक असलेल्या माणसाला यात नवे काही शिकावे लागत नाही. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्यात गुर्जर आले, तेव्हा आमच्या गल्लीतले एक पपईवाले पाटील मुद्दाम पाहायला आले होते. उंटावरचे स्वार त्यांनी निर्विकारपणे पाहिले. पण हे लोक मेंढरे गिरणीत बांधतात आणि त्यावर आपोआप धान्य मिळत राहते, हे कळल्यावर ते खुर्ची ओढून बसले. "याला सबसिडी आहे का?" एवढाच त्यांचा प्रश्न होता.

तर टाळेबंदी उठली, मुलगा पुण्याला गेला, पण शनिवारचा डाव राहिला. तो, त्याचे दोन मित्र आणि मी. आठवडाभर आमचे फोन "जेवलास का?", "हो", "आईला दे", एवढ्यात आटोपतात. बाप-लेकांना समोरासमोर बोलायला जमत नाही. पण एकाच किल्ल्यावर दोन बाजूंनी चाल करून जायचे असले की पुष्कळ बोलणे होते. त्याची बदली होणार होती हे मला पहिल्यांदा कळले ते एका वेढ्याच्या वेळी.

घोटाळा असा की या खेळात प्रत्येकाचा संगणक सगळी लढाई स्वतः मांडत असतो. एकमेकांना पाठवले जातात ते फक्त हुकूम. त्यामुळे चौघांची यंत्रे एका पावलाने चालावी लागतात आणि ज्याचे यंत्र सगळ्यांत हळू, त्याच्या चालीने उरलेल्यांची लढाई चालते. दिंडीत एका म्हातारबुवांचा गुडघा धरला की सगळी दिंडी जशी रेंगाळते, तसे. पहिली वीस मिनिटे ठीक जायची. मग सैन्य वाढले की पुण्यात, हिंजवडीत आणि तिसरा मित्र होता त्या नाशकात घोडे पाण्यातून चालल्यासारखे चालू लागत. मुलगा काही बोलत नसे. त्याचा एक मित्र एकदा एवढेच म्हणाला, "अंकलचा पीसी दमला वाटतं." पोरगा सभ्य होता. पण पुढच्या शनिवारी त्याला काम निघाले, आणि त्याच्या पुढच्या शनिवारी दुसऱ्यालाही. मुलाने हा विषय काढला नाही, आणि तो काढत नाही हेच मला खुपू लागले.

यंत्राची इतर लक्षणेही म्हातारपणाचीच होती. बोर्डावरची घड्याळाची बॅटरी संपली होती. त्यामुळे वीज जाऊन आली की संगणकाला वाटे आज १ जानेवारी २०१४. आमच्याकडे वीज किती वेळा जाते हे सांगायला नको. हा गृहस्थ दिवसातून तीनदा तरुण होत असे. पण तारीख चुकली की इंटरनेटवर बँकेपासून वर्तमानपत्रापर्यंत कोणी दारात उभे करत नाही. ही बॅटरी नाण्याएवढी असते, तिचे नाव सीआर २०३२. मला वाटले ती २०३२ पर्यंत टिकावी. तर तसे नाही : वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, एवढाच त्याचा अर्थ. कापसाच्या मुलखात पंख्यांमध्ये जे साठते ते वेगळेच. मागची जाळी काढली तर एक बाळाची उशी भरेल एवढा ऐवज निघाला.

मग सल्ले आले.

पपईवाले पाटील म्हणाले, "आते याम्हा काय उरनं शे, सर? नवं ली टाका!" ते मोटारीलाही हेच म्हणतात आणि ट्रॅक्टरलाही.

आमचे मेव्हणे दरवर्षी दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जातात. तापीकाठच्या त्या जत्रेत देशभरातून घोडे येतात. मेव्हण्यांनी आजवर एकही घोडा घेतलेला नाही, पण शेकडो घोड्यांचे ओठ वर करून दात पाहिले आहेत. त्यांनी संगणकाभोवती एक फेरी मारली, पाठीवर थाप दिली आणि म्हणाले, "दाजी, जनावराचं वय आधी बघा. याचे दात कुठं असतात?"

हा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नव्हता. शहाद्याला एक दुरुस्तीवाला आहे, पोरगेलासाच, पण त्याने झाकण उघडून नेमके तेच केले. प्रोसेसर ज्या खाचेत बसतो तिला सॉकेट म्हणतात. आमचे निघाले ११५०. "सर, चौथी पिढी," तो म्हणाला. "आणि विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी लागते."

म्हणजे आमचे यंत्र चौथी पास आणि प्रवेशाची अट आठवी! शिवाय टीपीएम २.० नावाची एक चीप बोर्डावर असावी लागते. तिला मी शाळा सोडल्याचा दाखला समजतो, कारण ती नसली की बाकीचे गुण कोणी विचारत नाही. विंडोज १० चा पाठिंबा तर १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला होता. सुरक्षेपुरती मुदतवाढ तेवढी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत ठेवली होती. त्याच ऑक्टोबरात आमच्या कार्डाच्या पिढीसाठी खेळांची नवी ड्रायव्हर निघणेही थांबले. मी नोकरीत पुष्कळ पोरे वरच्या वर्गात ढकलली आहेत, म्हणून विचारले, "ढकलता नाही येणार?"

"येतं सर. पण पुढं काही झालं तर जबाबदारी कोणाची?"

हेच वाक्य मी तेहतीस वर्षे मुख्याध्यापकांकडून ऐकले होते.

मग त्याने नव्याचा हिशेब मांडला. नवा प्रोसेसर घ्यायचा तर बोर्ड नवा. बोर्ड नवा तर रॅम नवी, कारण आमची डीडीआर३ आणि आता चालते डीडीआर५, खाचच वेगळी. एवढे सगळे केल्यावर अकरा वर्षांच्या एसएमपीएसवर भरवसा ठेवू नये. लग्नात मुलीला एक शालू घेतला की करवलीला साडी, मग आत्याला, मग आत्याच्या जावेला, तशी ही रांग. शेवटी जुन्यातले काय उरले ते पाहिले तर पत्र्याचा डबा आणि वीज आल्याचा लाल दिवा. पासष्ट हजार.

मुलगा फोनवर म्हणाला, "पप्पा, मी पाठवतो पैसे. नवंच घेऊ. पण पंधरा दिवस थांबा, रॅमचे भाव उतरतील."

पंधरा दिवस थांबलो. भाव वाढले. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठमोठ्या केंद्रांना एवढी मेमरी लागू लागली की बनवणारे कारखाने तिकडेच वळले. काही महिन्यांत भाव दुपटीच्या वर गेले. ३ डिसेंबरला तर मायक्रॉनने जाहीर केले की 'क्रुशियल' या नावाने घरगुती गिऱ्हाइकांना रॅम विकणे आपण बंद करणार. दुसऱ्याच दिवशी दत्तजयंती. मेव्हणे सारंगखेड्याहून परतताना आमच्याकडे थांबले आणि म्हणाले, "यंदा घोडे स्वस्त वाटले." सोन्याने त्या वर्षी तोळ्याला लाख कधीच ओलांडले होते. ही म्हणाली, "दोन्ही वाढतंय ना? मग सोनं घ्या. ते अंगावर तरी घालता येतं."

यात खोट काढायला जागा नव्हती. मी विषय बदलला.

खरे सांगायचे तर नव्याला माझा विरोध पैशापायी नव्हता; मुलाने आनंदाने दिले असते. पण पासष्ट हजारांचे यंत्र घरात आले की त्याला पासष्ट हजारांचे काम द्यावे लागते. शनिवारी दोन तास लाकूडतोड करून घेणे हा त्याचा अपमान होता. म्हणून दुरुस्तीवाल्याला सांगितले, "नवं काय काय येईल ते सोड. माझा डाव कुठं अडतो तेवढं शोध." डॉक्टरने "काय काय दुखतं?" विचारण्याऐवजी "चालताना दुखतं का?" विचारावे, तसा हा फरक आहे आणि तो फार थोडे लोक करतात.

पोराने डाव सुरू ठेवून टास्क मॅनेजर उघडला आणि शेजारी बसून पाहिले. हार्ड डिस्क सदैव शंभर टक्के. चार जीबी रॅम काठोकाठ. प्रोसेसरचा एक गाभा घामाघूम, बाकीचे त्याच्याकडे बघत उभे, म्हणजे कोणत्याही कार्यालयासारखेच. ग्राफिक्स कार्ड मात्र निवांत होते. आणि सगळे जण पहिल्यांदा सुचवत होते ते कार्ड बदलायचे!

"सर, याच सॉकेटमध्ये बसणारा आय-सेव्हन ४७९० आहे. जुनाच मिळेल, पण या जातीतला तगडा घोडा आहे. सुरतेहून मागवतो."

सुरतेहून आमच्याकडे साड्या येतात, तशाच एका खोक्यात तो घोडा आला. त्यासोबत सोळा जीबी जुनी रॅम आणि हार्ड डिस्कच्या जागी एक नवी एसएसडी. पंख्यांचा कापूस काढला, प्रोसेसरवर थंडाव्याचा नवा लेप दिला, नाण्याएवढी बॅटरी बदलली. आधी बोर्डाचे बायोस अद्ययावत करावे लागले. त्या पाच मिनिटांत वीज गेली तर बोर्डच जातो म्हणे, म्हणून यूपीएस जोडून आम्ही तिघे दिव्याकडे पाहत श्वास रोखून उभे होतो. सगळे मिळून साडेनऊ हजार झाले.

मुलाने फोनवरून इशारा दिला, "पप्पा, यावर नवे गेम चालायचे नाहीत हं. दोन-तीन वर्षांनी परत हाच प्रश्न येणार."

"येऊ दे. नवे गेम तुझ्याकडे आहेत ना? तू खेळ."

या खेळात क्रमवारीच्या सामन्यांना बसायचे तर आधी यंत्राची परीक्षा होते. उत्तीर्ण व्हायला हजार गुण लागतात. आमचे यंत्र आजवर सहाशेच्या घरात होते. आता ते हजाराच्या पुढे गेले, तेव्हा मी उगाचच उठून उभा राहिलो. चौथी पासचा निकाल इतका चांगला लागलेला मी क्वचितच पाहिला आहे.

त्या शनिवारी दोन्ही मित्र हजर होते. घोडे घोड्यासारखे धावले. इतकी वर्षे माझा किल्ला पडायला सव्वा-दीड तास लागत असे, आणि त्याचे थोडे श्रेय मी माझ्या डावपेचांना देत आलो होतो. यंत्र रडतखडत चालत असल्यामुळे शत्रूलाही माझ्यापर्यंत यायला वेळ लागत होता, हे आता कळले. बाविसाव्या मिनिटाला माझी गढी जळाली. हेडफोनमध्ये तिघेही हसत होते.

ही दारात आली. "आज इतक्यात झालं? मग मी पोळ्या टाकते."

"थांब जरा," मी म्हणालो, "पोरं दुसरा डाव मांडताहेत."