लॅपटॉपखाली दोन बोटं जागा



२०२० च्या लॉकडाऊनपासून आपल्या घरातला लॅपटॉप एकाच कामाचा राहिलेला नाही. सुनेचं ऑफिस त्यावर, नातवाचा क्लास त्यावर, संघाचा हिशेब त्यावर आणि दुपारचा स्वाध्यायही त्यावरच. आणि आपण तो ठेवतो कुठे? गादीवर, गोधडीवर, नाहीतर मांडीवरच्या उशीवर.

बऱ्याच लॅपटॉपना पोटाखाली जाळी असते. आतला पंखा तिथून हवा ओढतो आणि बाजूने किंवा मागून गरम हवा बाहेर टाकतो. गादीत जाळी बुडाली की त्याचा श्वासच कोंडतो. पंखा घरघरतो, मग प्रोसेसर स्वतःला वाचवायला वेग कमी करतो आणि फारच तापला तर यंत्र बंद पडतं. सुनेच्या मीटिंगमध्ये हे झालं तर तिच्या नोकरीचा प्रश्न येतो. शिवाय सततच्या उष्णतेने बॅटरी लवकर म्हातारी होते, कधी फुगतेसुद्धा. फुगलेली बॅटरी वापरू नये, दुकानातच दाखवावी. नाशिकची हवा थंड म्हणतात, पण एप्रिल-मे मध्ये पारा काही दिवस चाळिशी गाठतो. तेव्हा तर जास्तच जपायला हवं.

उपाय साधा आहे, घडीचा स्टँड. त्याने खाली दोन बोटं जागा मोकळी राहते आणि हवा खेळते. स्टँड काही खोलीपेक्षा थंड हवा देत नाही, फक्त आतली उष्णता बाहेर जायला वाट देतो. तेवढंच पुरतं. बाजारात पंखेवाले स्टँडही मिळतात. मी बिनपंख्याचा घेतला. जास्त वीज, जास्त वायुकायाची विराधना, आणि साध्या घरकामाला त्याची गरजही नाही.

तो आणायच्या आधी आमच्या जाऊबाई म्हणाल्या, "अगं, सासूबाईंचा सापडा रिकामाच आहे. त्यावर ठेव की! आगम आता त्याच पडद्यावर वाचतेस ना? मग तेही ज्ञानाचं उपकरणच झालं." त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मी दोन दिवस विचार केला. पण त्याच पडद्यावर साड्यांचा सेल येतो, ग्रुपवरची भांडणं येतात, बँकेचं स्टेटमेंट येतं. कार्तिक शुद्ध पंचमीला आपली ज्ञानपंचमी असते आणि त्याच दिवशी व्यापारी लाभपंचमी म्हणून वही उघडतात. दिवस एक, पण माहेरी वही आणि पोथी एका सापड्यावर ठेवलेली मी कधी पाहिली नाही. बी. कॉम. झालेल्या मला वहीचाही मान कळतो, म्हणून वहीला तिची जागा आणि पोथीला तिची. सापडा पोथीसाठीच राहिला. जाऊबाईंना हे पूर्ण पटलं नाही, पण त्यांनीही सापडा पुसून पोथी त्यावर ठेवली.

पाच समितींमध्ये आदान-निक्षेप समिती आहे. वस्तू उचलताना आणि ठेवताना पाहून, पुसून, जपून. ती साधू-साध्वींसाठी सांगितली असली तरी आपल्या घरातली जयणा तीच. स्टँड मांडण्यापूर्वी मऊ कापडाने टेबल पुसा, मुंगी आहे का पाहा, जाळीवरची धूळ यंत्र बंद असताना अलगद झटका. आणि वस्तू जपली की दोन वर्षांत नवी घ्यावी लागत नाही. अपरिग्रह तिथेही पाळला जातो.

विकत घेताना तीन गोष्टी पाहा. मधला भाग उघडा असावा, पुढे लॅपटॉप घसरू नये म्हणून छोटी कड असावी आणि टाइप करताना तो हलू नये. स्टँड उंच असेल तर मान वाकत नाही, पण मनगटं दुखतात. मग वेगळा कीबोर्ड जोडावा. आणि पैसे खर्चायचे नसतील तर सुताराकडून दोन सारख्या पट्ट्या कापून आणा. जाळी झाकणार नाही अशा बेताने दोन्ही कडांना ठेवल्या की काम झालं.