पाणी यायच्या आत

आमच्या चाळीत पाणी येते पहाटे पावणेसहाला. नळ आधी फुसफुसतो, मग दोन-तीनदा खोकतो आणि मग धार लागते. ती धार लागायच्या आत मला घरी पोहोचायचे असते. मैत्रिणींनो, माझ्या धावण्याचे वेळापत्रक असे या नळाने ठरवून दिले आहे. लोक मनगटावर महागडी घड्याळे बांधून धावतात, मला त्याची गरजच पडत नाही. परत येताना जिन्यात बादल्यांचा खणखणाट ऐकू आला की समजायचे, आज उशीर झाला.

मी राहते नायगावच्या बी.डी.डी. चाळीत. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने या चाळी बांधल्या, म्हणून हे नाव. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येक मजल्यावर मधोमध लांब पॅसेज आणि त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. खोली १६० चौरस फुटांची. तेवढ्यात आम्ही पाच जण. आम्ही दोघे, दहावीतली लेक, पाचवीतला मुलगा आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. यांची बहुतेक रात्रपाळी असते. पावणेपाचला मी उठते तेव्हा खाली तिघांची अंथरुणे पसरलेली असतात. अंधारात कोणाच्या हातावर पाय न देता दारापर्यंत जाणे, हीच माझी दिवसाची पहिली शर्यत.

तुम्ही म्हणाल, दिवसभर कचेरीत कारकुनी करणारी, संध्याकाळी महिला मंडळाच्या मिटिंगा करणारी, पंचेचाळिशीकडे झुकलेली ही बाई, हिला धावण्याचे खूळ कुठून लागले? खूळ वगैरे काही नव्हते. तीन वर्षांपूर्वी दादर स्टेशनचा जिना चढताना मला धाप लागू लागली. डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालता चालता एक दिवस शेवटची लोकल चुकत असल्यासारखी मी उगाचच पळाले आणि बरे वाटले. मग रोज एक दिव्याचा खांब धावायचे, दोन खांब चालायचे, असे सुरू केले. पायात मुलीचे जुने कॅनव्हासचे बूट, अंगात सलवार-कमीज, ओढणीला मागे गाठ. आता सगळे खांब धावते.

माझा रस्ता ठरलेला आहे. चाळीतून निघायचे ते दादर टी.टी.च्या सर्कलपर्यंत. तिथून हिंदू कॉलनीत शिरायचे. राजगृहापाशी पाय आपोआप हळू होतात. १९३० च्या दशकात बाबासाहेबांनी हे घर बांधले ते आपल्या पुस्तकांना जागा असावी म्हणून. १६० चौरस फुटांत वह्या-पुस्तकांसाठी एक फळी मोकळी करताना मी किती वेळा त्या घराचा विचार केला असेल! मग आंबेडकर रोड ओलांडून पारशी कॉलनी. मंचेरजी जोशी या गृहस्थांनी ही वसाहत वसवली, तिथल्या पाच उद्यानांना, म्हणजे आपल्या फाइव्ह गार्डनला, त्यांचेच नाव आहे. बागांना एक फेरी मारायची आणि माघारी फिरायचे. सगळे मिळून साधारण पाच किलोमीटर.

या पाच किलोमीटरमध्ये मी जे पाहते ते बघायला तिकीट लागत नाही. दादरला उतरलेल्या झेंडूच्या पाट्या डोक्यावर घेऊन पुलावरून येणाऱ्या बायका दिसतात. पेपरवाली मुले फुटपाथवर मांडी घालून पुरवण्या घालत असतात, त्यांचे हात इतके भरभर चालतात की कागदाचा पाऊस पडतोय असे वाटते. बागेजवळचे रेन ट्री तर मला माणसांसारखे वाटतात. या झाडाची पाने रात्री मिटतात आणि उजाडले की उघडतात. मी जाते तेव्हा पाने मिटलेली असतात, त्यामुळे फांद्यांमधून आभाळ दिसते. परत फिरताना उजेड फुटू लागतो आणि तेच झाड दाट व्हायला लागते. माझ्या लेकीने हे विज्ञानाच्या पुस्तकात वाचले होते, मला ते धावल्यामुळे कळले.

आणि दिसतात सफाई खात्यातल्या बायका. मी घराकडे वळते तेव्हा त्या चौकीवर हजेरी द्यायला निघालेल्या असतात, हातात डब्याची पिशवी. पहिल्या दिवशी मला बघून एक जण म्हणाली, “ताई, कोण मागे लागलंय का?” आता नुसते हात करतो.

आमच्या पॅसेजमध्ये मात्र एवढे सरळ नव्हते. “वहिनी, या वयात?” असे विचारणारे होतेच. पण खरा घाव बसला गेल्या वर्षीच्या पावसाळ्यात. धाकट्याला रात्रीपासून कणकण होती. मला वाटले, सर्दीचा ताप असेल, उतरेल. मी नेहमीप्रमाणे गेले, फोन घरीच ठेवून. परत आले तर दाराशी चार बायका, मुलगा ओकून ओकून निपचित, आणि लेक रडवेली होऊन त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवतेय. शेजारच्या काकू सगळ्यांदेखत म्हणाल्या, “पोरगं तापानं फणफणतंय अन् आई रस्त्यावर पळतेय!”

त्यांच्यावर मी रागावले नाही. त्या दिवशी मी चुकलेच होते, ताप रात्रीच दिसत होता. मुलगा चार दिवसांत खेळू लागला. मी मात्र बूट पिशवीत घालून माळ्यावर टाकले. चित्रांची वहीसुद्धा त्यांच्यासोबत. एका चुकीची शिक्षा म्हणून दोन्ही गोष्टी का बंद केल्या, हे तेव्हा मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. आईने स्वतःसाठी काढलेला वेळ म्हणजे पोरांच्या ताटातला घास, असे कुठेतरी डोक्यात बसलेले असते आपल्या. सभेत मी बायकांना याच्या उलट सांगत असते, ते वेगळे!

बारामतीच्या लता करे आठवतात ना? नवऱ्याच्या औषधपाण्याला पैसे हवेत म्हणून ही साठीतली बाई नऊवारी नेसून, अनवाणी पायांनी शर्यतीत धावली आणि पहिली आली. २०२० साली त्यांच्यावर चित्रपट निघाला, त्यात त्यांनीच काम केले. आमच्या चाळीने त्यांचे भरभरून कौतुक केले, आणि ते योग्यच होते. पण मनात येते, त्या नवऱ्याच्या इलाजासाठी न धावता नुसत्याच स्वतःला बरे वाटते म्हणून धावल्या असत्या तर? तर त्यांनाही कोणीतरी वय विचारलेच असते. ऑलिंपिकमध्ये पुरुषांची मॅरेथॉन १८९६ पासून आहे, बायकांची पहिल्यांदा झाली ती १९८४ साली. तोवर खेळाच्या कारभाऱ्यांना वाटत होते की एवढे अंतर बाईच्या शरीराला झेपायचे नाही. त्यांनी आमच्या आत्याबाईंना पाहिले नव्हते.

आत्याबाई महापालिकेच्या सफाई खात्यात होत्या. बत्तीस वर्षे त्या पहाटे याच रस्त्यांवर होत्या. माझे बूट माळ्यावर जाऊन चार महिने झाले तेव्हा त्यांनीच एकदा भाकरी थापता थापता विचारले, “काय गं, पाय दुखतात का?” मी म्हटले, “नाही, पोरांना सोडून जावंसं वाटत नाही.” त्यावर म्हणाल्या, “मी पण सोडूनच जायची. हाजरीला पाच मिनिटं उशीर झाला की मुकादम खाडा मांडायचा. तेव्हा मला कुणी बोललं नाही, पगार यायचा ना. तू रिकाम्या हातानं जातेस म्हणून बोलतात. मी हाय ना घरात? जा. फोन घेऊन जा.”

तेव्हापासून फोन कमरेला बांधून जाते, आणि रात्री निजताना मुलांच्या कपाळाला हात लावून बघते. कोणाला कसर असली तर जात नाही.

चित्रांचे प्रकरण धावण्यापेक्षा जुने. शाळेत असताना मी एलिमेंटरीची परीक्षा दिली होती, ग्रेडही चांगला आला होता. जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आमच्या नायगावहून किती लांब? लोकलने पंधरा-वीस मिनिटे. पण आमच्यासारख्यांच्या घरात ते विलायतेइतके लांब होते. वडील म्हणाले, नोकरी लागेल असे काहीतरी शीक. मी बी.कॉम. केले. त्याचा मला पश्चात्ताप नाही, त्या पदवीवर हे घर उभे आहे. पण लेजरच्या कडेला मी माणसांचे हात काढत राहिले. आजही रद्दीत जाणारे पाठकोरे कागद शिवून वही करते. एक पेन्सिल, मुलाची कॅमलची रंगपेटी, बस्स.

कचेरी फोर्टात आहे. जेवणाची सुट्टी अर्धा तास. डबा दहा मिनिटांत संपवला की वीस मिनिटे माझी. कधी सी.एस.एम.टी.समोर उभी राहते. रोज या स्टेशनात येणाऱ्या आपल्यातल्या किती जणींनी त्याच्याकडे मान वर करून पाहिले असेल? १८७८ ते १८८८ ही दहा वर्षे ते बांधकाम चालले, आणि त्यावरचे बरेचसे नक्षीकाम जे. जे.च्या विद्यार्थ्यांच्या हातचे आहे. मोर आहे, माकडे आहेत, पानाफुलांच्या वेली आहेत. घुमटाच्या टोकावर एक बाई उभी आहे, एका हातात मशाल उंचावलेली आणि दुसऱ्या हाताशी चाक. तिला प्रगती म्हणतात. मी तिला पाच-सहा वेळा काढले, दरवेळी मानेत चुकते. कधी जहांगीर आर्ट गॅलरीत डोकावते. भगिनींनो, तिथे आत जायला पैसे पडत नाहीत आणि कोणी अडवत नाही. मला हे कळायला फोर्टात नोकरी लागल्यावरही सात वर्षे लागली, कारण त्या काचेच्या दारातून जाण्याचे धाडसच होत नव्हते. एका रविवारी मुलांना घेऊन गेले. मुलगा एका मोठ्या चित्रापुढे उभा राहून म्हणाला, “आई, यांची खोली केवढी असेल?”

आता आमच्याही खोल्या मोठ्या होणार आहेत. चाळींचा पुनर्विकास सुरू आहे. वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. नायगावातही चाळी रिकाम्या होत आहेत, पलीकडे टॉवर चढत आहेत. मला नवे घर हवे आहे, हे स्पष्टच सांगते. चाळीच्या पॅसेजचे गोडवे गाणाऱ्या लेखकांनी एकदा सकाळी सातला इथल्या संडासाच्या रांगेत उभे राहून पाहावे. पण पॅसेजच्या टोकाच्या झरोक्यातून सकाळी जो उजेडाचा पट्टा आत येतो आणि एकेका दारापुढच्या चपलांवरून सरकत जातो, तो टॉवरमध्ये नसणार. म्हणून गेले वर्षभर मी एकेक दार काढतेय. कोणाच्या उंबऱ्यावर रांगोळी, कोणाच्या दाराला निळे तोरण, कोणाचा पत्र्याचा पिंप. ज्यांना मी बोलले नाही असे म्हणाले होते त्या शेजारच्या काकूही परवा येऊन म्हणाल्या, “माझं दार कधी काढणार? वर खोली नंबर लिही हो.”

तर या चैत्रातली गोष्ट. पारशी कॉलनीत सोनमोहर फुलला होता. पहाटे मी पोहोचले तर सबंध रस्ता पिवळा, दिव्याखाली जणू हळद सांडलेली. एकही गाडी अजून त्यावरून गेली नव्हती. मी धावता धावता थांबले. रविवार होता, घरी आल्या आल्या चूळ भरायच्या आधी रंगपेटी काढली आणि पॅसेजमध्ये दिव्याखाली बसून रस्ता रंगवला. पिवळा रंग संपत आला. मला तरी ते चित्र चांगले उतरलेले वाटले.

आत्याबाई उठून बाहेर आल्या. चष्मा लावून वाकल्या.

“हे काय गं?”

“सोनमोहराची फुलं, आत्याबाई. फाइव्ह गार्डनकडचा रस्ता.”

“वळखला. माझा बीट होता तो.” बराच वेळ त्या बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “लई चिवट फुलं ही. दव पडलं की रस्त्याला चिकटून बसतात. दोनदा-दोनदा खराटा मारावा लागायचा, अन् मागं वळून बघावं तर परत पडलेली. पण रंग बरोबर आलाय.” आणि जरा थांबून, “झाडणारी कुठंय?”

मी काही बोलले नाही. कडेला जागा होती, तिथे पेन्सिलने एक बाई काढू लागले, वाकलेली, हातात खराटा.

“अगं, असा नाही धरत! एवढं वाकलं तर दहा वर्षांत कंबर जाईल. दांडा लांब असतो.” घरातला केरसुणीचा जुना दांडा घेऊन आत्याबाई पॅसेजच्या मधोमध उभ्या राहिल्या. वय सत्तरीच्या पुढे, गुडघे दुखतात, पण दांडा हातात येताच खांदे कसे सैल झाले! डावा हात वर, उजवा खाली, एक पाय पुढे. “असा. अन् खराटा आपल्या अंगाकडं ओढायचा नाही, पुढं लोटायचा. धूळ नाकात जाते.” त्यांनी दोन-तीन हात मारून दाखवले. लेक दारात येऊन बघत होती. तिने हळूच फोनची बत्ती लावून आजीवर धरली.

“आत्याबाई, हलू नका हं जरा.”

“बरं.” त्या तशाच उभ्या राहिल्या. मी हात काढला, खांदा काढला, पदर खोचलेला काढला. चेहऱ्याला सुरुवात केली आणि आत मोरीत नळ फुसफुसला. पॅसेजभर दारे उघडली, बादल्या वाजल्या.

“पाणी आलं,” आत्याबाई न हलता म्हणाल्या.

“आई, तू काढ,” म्हणून लेकीने बत्ती धाकट्याच्या हातात दिली आणि ती पिंप लावायला आत गेली.