हद्द कुणाची

अमरापूर-भिगवण रस्त्यात नकाशावर पाहण्यासारखं काही नाही. आष्टी तालुक्यातल्या कड्याकडून तो मिरजगावला येतो, तिथून कर्जत, मग राशीन, आणि खेडजवळ भीमा ओलांडली की भिगवण. भिगवणला पुणे-सोलापूर हमरस्ता लागला की बारामती, इंदापूर, अकलूज, अगदी कोल्हापूरपर्यंतचे कारखाने मोकळे. कडा बीड जिल्ह्यात, कर्जत आमच्या अहिल्यानगरात, भिगवण पुण्यात. मिरजगावातून करमाळ्याकडं वळलं तर सोलापूर. आमचा तालुका असा चार जिल्ह्यांच्या सांध्यावर बसलेला आहे, आणि सांध्यावरच्या गावांना जे कळतं ते मधल्या गावांना कळत नाही. एकाची हद्द संपते आणि दुसऱ्याची अजून सुरू झालेली नसते, असाही थोडा रस्ता असतो.

दसरा-दिवाळी झाली की या रस्त्यानं ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, पाथर्डी, आणि आमच्याकडच्या वाड्यावस्त्यांवरूनही. बहुतेक रात्रीच्या. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या. त्यात कोपीचे बांबू, ताडपत्री, पाण्याचे निळे ड्रम, लोखंडी पेट्या, ज्वारी-बाजरीची पोती, उलटं टाकलेलं बाजलं, बाजल्याच्या पायाला बांधलेली शेळी, झाकलेल्या पाटीत कोंबड्या, आणि या सगळ्यावर माणसं. ट्रॉलीच्या दोन कडांना लुगड्याची झोळी बांधून त्यात पोर निजवलेलं असतं. खड्डा आला की झोळीला आपोआप झोका बसतो आणि पोर उठत नाही. मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. रिफ्लेक्टर म्हणून लाल कागद चिकटवलेला असतो, तोही चिखलानं माखलेला. बैलगाडीवाल्यांची तऱ्हा निराळी, त्यांचे बैल ट्रकमध्ये उभे आणि गाडीची चाकं वर बांधलेली.

आमच्या घराच्या पुढं रस्ता जरा रुंद आहे, म्हणून टोळ्या कधीमधी थांबतात. एकदा एक बाई फाटकाशी आली. "दादा, एवढा फोन लावता का चार्जिंगला? म्हातारी घरी एकलीच ठिवलीय." फोन लावला. कुठल्या कारखान्याला निघालात विचारलं, तर म्हणाली, "ते मुकादमाला ठावं. पूल लागतो मोठा, एवढं ध्यानात हाय." मागच्या खेपेला कर्नाटकात गेलो होतो, तिकडं बोली कळत नव्हती, असंही सांगितलं. फोन सतरा टक्के झाला आणि ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न मारला.

बारामतीपर्यंत जायचं की बेळगावपर्यंत, हे ठाऊक नसताना बिऱ्हाड ट्रॉलीवर चढवायचं, हे मला कित्येक वर्षं साधंच वाटत आलं होतं. रोज दिसणारी गोष्ट साधीच वाटते. भूमध्य समुद्रातल्या बोटींबद्दल वाचायला लागलो तेव्हा ते खटकायला लागलं. हे जरा उफराटंच झालं, पण झालं खरं.

मार्च 2011 च्या अखेरीस लिबियातल्या त्रिपोलीहून एक रबरी बोट निघाली. आत 72 जण, बहुतेक इथिओपिया, इरिट्रिया, घाना, नायजेरिया, सुदानचे. जायचं होतं इटलीच्या लाम्पेडुसा बेटावर. इंधन संपत आलं तसा बोटीतल्यांनी सॅटेलाइट फोनवरून रोममधल्या एका इरिट्रियन धर्मगुरूला फोन लावला. त्यांनी इटलीच्या तटरक्षकांना कळवलं, तटरक्षकांनी त्या भागातल्या जहाजांना संदेश दिला. लिबियात तेव्हा नाटोची लढाई चालू होती, समुद्र युद्धनौकांनी भरलेला होता. एक हेलिकॉप्टर आलं. त्यानं दोरीनं पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं सोडली आणि ते गेलं. बोट दोन आठवडे वाहत राहिली आणि शेवटी लिबियाच्याच किनाऱ्याला लागली. जगले नऊ. युरोप परिषदेनं पुढच्या वर्षी चौकशीचा अहवाल काढला. त्यात चुका पुष्कळ सापडल्या, पण त्या दोन आठवड्यांत बोटीची जबाबदारी कुणीच घेतली नव्हती. शोध आणि बचावासाठी समुद्राची वाटणी झालेली आहे, हा पट्टा इटलीचा, हा माल्टाचा, हा लिबियाचा. बोट लिबियाच्या पट्ट्यात होती आणि लिबियाला तेव्हा बोटी वाचवायला सवड नव्हती.

ती बोट कुणालाच दिसली नाही, असं नाही. बिस्किटं सोडणाऱ्याला माणसं दिसल्याशिवाय बिस्किटं सोडता येत नाहीत. ती आपल्याकडची नाहीत, एवढंच. लोक याला दुर्लक्ष म्हणतात, पण न पाहणं आणि पाहून पुढं जाणं यात फरक आहे, आणि सांध्यावर राहणाऱ्याला तो चांगला ठाऊक असतो. आमच्या रस्त्यावर एका पहाटे ट्रॉली कलंडली होती. पिन निसटून मागची ट्रॉली चारीत गेली. माणसं फेकली गेली, एका बाईचा पाय मोडला, ज्वारी सगळी मातीत. फोन केला तर एका ठाण्यानं दुसऱ्या ठाण्याचा नंबर दिला. दुसऱ्यानं विचारलं, ट्रॉली पुलाच्या अलीकडं आहे की पलीकडं? वाईट बोललं कुणीच नाही. पुलाच्या अलीकडं-पलीकडं एवढंच त्यांना नोंदवायचं होतं. रुग्णवाहिका आली तोवर टोळीतल्या बायकांनी मातीतली ज्वारी सुपानं पाखडायला घेतली होती.

पुन्हा ट्रॉली हे कायद्यानं मालवाहू वाहन. त्यात माणूस बसलाच कसा, इथूनच विम्याचं भांडण सुरू होतं.

टोळीचा मुकादम तिथंच चारीच्या कडेला बसून हिशेब जुळवत होता. त्याच्या वहीत प्रत्येक कोयत्याच्या नावापुढं उचल लिहिलेली होती, रुपयापर्यंत अचूक. कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. ही उचल सहा महिन्यांत ऊस तोडून फेडायची, नाही फिटली तर पुढच्या हंगामात. युरोपला जाणारा माणूस जमीन विकून एजंटाला पैसे देतो आणि धोका विकत घेतो. आमच्याकडचा आधी पैसे घेतो आणि त्यात अडकतो. पैसा उलट्या दिशेनं वाहतो, पण वाटेतून मागं फिरायची सोय दोघांनाही नसते. ट्रॉलीत पोरं किती होती, मी विचारलं. वही मिटत मुकादम म्हणाला, "पोरांना उचल नसती ओ." पोरं त्यानं मोजली होती, सगळी सापडली का ते पाहायला. फक्त लिहिली नव्हती.

लिहिणं कुणाचंच नाही. महाराष्ट्रात ऊसतोड कामगार किती, याचं उत्तर कुणी आठ लाख देतो, कुणी बारा, कुणी पंधरा. सरकारनं गोपीनाथ मुंडे यांच्या नावानं कल्याण महामंडळ काढलं, ग्रामसेवकांकडून नोंदणी आणि ओळखपत्रं सुरू केली, ते चांगलंच झालं. पण आठ आणि पंधरा यांच्या मध्ये सात लाख माणसं राहतात. आमच्याच तालुक्यात रेहेकुरीला काळविटांचं अभयारण्य आहे, 1980 पासून. जेमतेम सव्वादोन चौरस किलोमीटर. तिथल्या काळविटांची गणना होते, आणि व्हायलाच हवी. काळवीट एका कुंपणात राहतं म्हणून मोजता येतं, असं कुणी म्हणेल. मग भिगवणला उजनीच्या पाण्यावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांचं काय? ते तर दुरून उडत येतात. त्याच महिन्यांत, त्याच रस्त्यानं, मोठ्या लेन्सचे कॅमेरे घेऊन माणसं त्यांना पाहायला जातात आणि ट्रॉल्यांच्या मागं अडकून चिडतात.

आपण युरोपपेक्षा मायाळू आहोत असं मला 2020 पर्यंत वाटत असे. 2015 मध्ये हंगेरीनं सर्बियाच्या सीमेवर 175 किलोमीटरचं तारेचं कुंपण घातलं तेव्हा आमच्या पारावर त्यावर चर्चा झाली होती, आणि हंगेरी कुठं आहे हे नीट ठाऊक नसलेल्यांनीही तिला नावं ठेवली होती. पाच वर्षांनी टाळेबंदी आली आणि आमच्याच भागातल्या वेशींवर बाभळीच्या फांद्या पडल्या. कुठं मुरमाचा ढीग, कुठं बैलगाडी आडवी. कारखान्यावर अडकलेल्या ऊसतोड्यांना घरी जाऊ देण्याचा निर्णय एप्रिलमध्ये झाला, ते आपल्या गावच्या शिवारात आले आणि काही ठिकाणी त्यांना गावाबाहेर शाळेत, नाहीतर रानात ठेवलं. भीती खोटी नव्हती. हंगेरीचीही खोटी नसेल.

8 मे 2020 ला पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेल्या मजुरांवरून मालगाडी गेली. सोळा जण. जालन्याहून निघालेले, मध्य प्रदेशात घरी जायला भुसावळकडं चाललेले. गाड्या बंद आहेत अशी समजूत होती, म्हणून रुळाइतकी निर्धोक जागा दुसरी नव्हती. रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचं छायाचित्र सगळ्यांनी पाहिलं. सप्टेंबरमध्ये लोकसभेत विचारणा झाली की टाळेबंदीत घराकडं निघालेले किती मजूर दगावले. अशी आकडेवारी ठेवलेली नाही, असं केंद्रीय श्रम मंत्रालयाचं उत्तर होतं. उत्तर प्रामाणिक होतं, हे मान्य करायला हवं.

मोजता येतच नाही, असं मात्र नाही. दुसऱ्या महायुद्धात लोंढा उलटा होता; युरोपातली माणसं आपल्याकडं येत होती. पूर्व पोलंडमधून सोव्हिएत सत्तेनं सैबेरिया-कझाकस्तानला हाकललेली कुटुंबं 1942 मध्ये कॅस्पियन ओलांडून इराणला पोचली. वाटेत आणि पोचल्यावर हजारो मेली, उपासानं, टायफसनं. उरलेल्यांपैकी सुमारे पाच हजार जण 1943 पासून कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला राहिले, 1948 पर्यंत. तिथं त्यांच्या शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. जे इथं वारले त्यांची थडगी कोल्हापुरात आहेत. आपण याची आठवण अभिमानानं काढतो, तेव्हा एक गोष्ट गाळतो: तो निव्वळ आतिथ्याचा मामला नव्हता. खर्च लंडनमधलं निर्वासित पोलिश सरकार देत होतं, व्यवस्था ब्रिटिशांची होती. म्हणजे ती माणसं कुणाच्या तरी खात्यावर होती. त्याच कोल्हापूरच्या उसाच्या फडांत आता बीड-नगरकडच्या टोळ्या कोप्या टाकून राहतात, आणि त्या कुणाच्या खात्यावर ते विचारलं की कारखाना वाहतूकदाराकडं बोट दाखवतो, वाहतूकदार मुकादमाकडं, आणि मुकादमाकडं फक्त वही.

माझ्या मते उत्तर त्या वहीतच आहे. माणसानं उचल घेतली त्या दिवशी तो कामावर लागला, असं धरावं. मग ट्रॉलीला दिवा नसणं, झोळीतल्या पोराचं नाव नसणं, विमा नसणं, हे सगळं जिल्ह्याच्या हद्दीवर न अडता ज्याचा ऊस तुटणार आहे त्याच्या दारात जाईल. कारखान्याला ते जड जाईल, उसाच्या भावावरही त्याचा बोजा येईल, आणि आमच्यासारख्या ऊस लावणाऱ्यांना त्यातला काही सोसावा लागेल. सोसावा.

त्या पहाटे मुकादमाला मी हेच, एवढं मांडून नाही, पण सांगितलं. तो हसला. मजुरी टनावर, आणि टन ठरतो कारखान्याच्या काट्यावर. "मग काटा आमच्या गावातच बसवावा लागंल की, काका," म्हणाला. पिन तोवर ठोकून झाली होती. बाईला कर्जतला दवाखान्यात नेलं होतं, तिचा नवरा तिच्याबरोबर गेला होता. म्हणजे त्या टोळीत एक कोयता कमी झाला होता, आणि तो कुठून भरून काढायचा याची फोनाफोनी मुकादमानं सुरू केली. मध्येच फोन बाजूला धरून त्यानं मला विचारलं, राशीनला एवढ्या पहाटे डिझेल मिळतं का.

मिळतं, म्हणालो.