फेरफारातील नावे

गावाकडच्या माणसाला सातबारा सांगावा लागत नाही. बारामती-इंदापूरकडे पीककर्जापासून वाटणीपर्यंत त्याच्यावाचून पान हलत नाही. पण सातबारा सांगतो ती आजची स्थिती. जमीन आजोबांकडून अब्बांकडे कशी आली, मधे कोणी विकली, कोणत्या बहिणीचे नाव कधी लागले आणि कधी कमी झाले, हे पाहायचे तर फेरफार काढावा लागतो. गाव नमुना ६ म्हणजे या फेरफारांची वही. तलाठ्याकडे नोंद धरली जाते, मंडल अधिकारी ती तपासून मंजूर करतो. सातबारावर जुन्या नावाला कंस होतो, पण फेरफारात ते नाव राहते.

संगणकाच्या दुनियेतही अशी वही असते. मुक्त स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणीही पाहावी, सुधारावी आणि वाटावी असे सॉफ्टवेअर. देशोदेशीची माणसे ते मिळून लिहितात. कोणती ओळ कोणी, कधी आणि का बदलली याची नोंद ठेवणाऱ्या व्यवस्थेला व्हर्जन कंट्रोल म्हणतात. सीव्हीएस, सबव्हर्जन, गिट ही अशा वह्यांची नावे. कधीकधी सबंध वहीच बदलावी लागते. मग जुन्या नोंदींचे काय होते?

हा प्रश्न आमच्या दारी आला तो आमच्याच कामातून. बारामती आणि इंदापूरच्या आम्ही काही उर्दू शिक्षकांनी वर्षानुवर्षे प्रश्नसंच तयार केले आहेत. ज्याला हवे त्याने घ्यावेत, सुधारावेत, हा आमचा रिवाज. फाइली इनपेजमधल्या. पेन ड्राइव्ह एसटीने इकडून तिकडे जातो. फाइलींना नावे पडतात ‘आखरी’, ‘आखरी दोन’, ‘बिल्कुल आखरी’. पुण्यात नोकरी करणारा आमचा एक माजी विद्यार्थी म्हणाला, “सर, हे सगळे युनिकोडमध्ये आणून गिटमध्ये ठेवू या.” त्याचे म्हणणे रास्त होते. जुन्या इनपेजची फाइल गिटमध्ये ठेवता येते, पण तिच्यातली कोणती ओळ बदलली ते गिटला दाखवता येत नाही. त्यासाठी साधा मजकूर लागतो.

इंदापूरच्या आमच्या आपा निवृत्त आहेत. इमला आणि जेर-जबर त्याच तपासतात. त्यांनी एकच विचारले, “बेटा, फाइल बदलो, मगर उसमें हमारे नाम कहाँ जाएँगे?”

आपांनी विचारले ते मोठमोठ्या प्रकल्पांनाही चुकलेले नाही. लिनक्सचे काम २००२ पासून बिटकीपर नावाच्या खासगी कंपनीच्या व्यवस्थेवर चाले. २००५ मध्ये तिचा मोफत वापर बंद झाला. तेव्हा लिनस तोरवाल्ड्स यांनी एप्रिल महिन्यात काही दिवसांत गिटचा पाया घातला आणि लिनक्स तिकडे नेले. घाई होती, जुना इतिहास अवजड होता, म्हणून तो मागे ठेवला. पुढे इतरांनी तो वेगळा जतन केला, पण मुख्य वहीत त्याआधीच्या ओळीचा कर्ता शोधला तर आजही लिनस यांचेच नाव दिसते. हेतू वाईट नव्हता. तरीही शेकडो हातांची मेहनत एका नावावर चढली.

केडीई हा लिनक्सवर चालणारा डेस्कटॉप. त्याचे मराठी भाषांतरही झाले आहे. या मंडळींनी त्याच २००५ साली सीव्हीएस सोडून सबव्हर्जन घेतले, तेव्हा चार लाखांहून अधिक नोंदी सोबत नेल्या. पुढे गिटकडे जाताना जुन्या खात्यांसमोर माणसांची खरी नावे लावण्यासाठी यादी वापरली. आणखी एक गोष्ट आम्हाला फार भावली. कार्यक्रमांची संहिता गिटमध्ये गेली, पण भाषांतरे सबव्हर्जनमध्येच राहिली. २०२० मध्ये केडीईने पुन्हा घर बदलले, तेव्हाही ती तिथेच होती. तिथे भाषांतरकाराला फक्त आपल्या भाषेचे दप्तर उतरवून घेता येते. गिटमध्ये शेकडो दप्तरे हिंडावी लागली असती. नवे ते उत्तम म्हणून सर्वांना फरपटत नेले नाही.

आम्हा उर्दूवाल्यांना याची किंमत कळते. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांची नूरी नस्तालीक लिपी संगणकावर आली. १९९४ मध्ये दिल्लीहून इनपेज आले. उर्दू छपाई सोपी झाली, त्यावरच आमच्या शाळा चालल्या. पण जुन्या किताबांवर ज्यांचे नाव छापलेले असे त्या कातिबांचा रोजगार गेला आणि नावही गेले. कातिबाला नव्या यंत्रापाशी बसवणारे थोडेच निघाले.

म्हणून आम्ही बदल नाकारला नाही, त्याला अटी घातल्या. गिटमध्ये प्रत्येक नोंदीला दोन नावे असू शकतात. एक मजकूर लिहिणाऱ्याचे, दुसरे तो वहीत चढवणाऱ्याचे. आपा पूर्वीसारख्याच छापील कागदावर लाल पेनाने दुरुस्त्या करतील. आम्ही त्या चढवू, पण लेखक म्हणून नाव आपांचे लागेल. तारीखही मागची देता येते, त्यामुळे जुन्या ‘आखरी’ फाइली एकेक करून क्रमाने, त्या त्या शिक्षकाच्या नावे चढत आहेत. काम किचकट आहे. थेट आजची प्रत टाकली असती तर एका दुपारी उरकले असते.

वाचकहो, आपल्या शाळा, वाचनालये, मंडळे यांची दप्तरेही आज ना उद्या संगणकावर जातील. जाऊ द्यावीत. फक्त हलवण्याआधी विचारावे, यात कोणाकोणाची मेहनत आहे आणि कोणाला नवी वाट चालवणार नाही. इल्म ही अमानत आहे, तशी ते देणाऱ्याचे नावही अमानतच.

आमच्याकडे काही फाइली अजून बेवारस आहेत. त्यांतले काही शिक्षक बदलून गेले, काही अल्लाला प्यारे झाले. उन्हाळी सुट्टीत बारामती ते इंदापूर घरोघरी जाऊन त्या फाइली कोणाच्या, हे विचारायचे आम्ही ठरवले आहे.