अँटवर्पची मोटार : पेट्रोल की डिझेल?

बेल्जियमच्या उत्तर भागात, स्खेल्डे नदीच्या उजव्या तीरावर वसलेल्या अँटवर्प नगरात जैन व्यापाऱ्याचा दिवस दोन ठिकाणांमध्ये विभागलेला असतो. मध्यवर्ती रेल्वे स्थानकाला लागून हिऱ्यांचा बाजार आहे. आणि दक्षिणेला विल्रेक हे उपनगर आहे, जिथे श्री शंखेश्वर पार्श्वनाथांचे श्वेत संगमरवरी जिनालय 2010 साली उभे राहिले. गुजरातमधील पालनपूरची कुटुंबे 1960 च्या दशकापासून या नगरात येऊ लागली. आरंभी लहान आकाराच्या, इतरांनी दुर्लक्षिलेल्या हिऱ्यांवर त्यांनी आपला व्यापार उभा केला आणि पुढे यातील बहुतेकांनी विल्रेक व शेजारचे एडेखेम या शांत उपनगरांत घरे केली. घर ते पेढी हे अंतर पाच-सहा किलोमीटरांचे. मुंबईत वाळकेश्वरहून ऑपेरा हाऊसला जावे, त्याच्या फार तर दुप्पट. या कुटुंबांच्या मोटारीचा विचार करताना हे अंतर प्रथम लक्षात ठेवावे लागते.

हिऱ्याच्या व्यापाऱ्याला मालासाठी मोटार लागतच नाही. लाखो युरोंचा ऐवज घडी घातलेल्या कागदाच्या पुडीत मावतो आणि ती पुडी कोटाच्या आतल्या खिशात. शिवाय होव्हेनिअर्सस्ट्राट या बाजाराच्या मुख्य गल्लीत सुरक्षेसाठी अडथळे बसवलेले असल्याने मोटार बाहेरच ठेवून पायी आत जावे लागते. तरीही या घरांतून पसंती मिळते ती इस्टेट प्रकारच्या, म्हणजे छत मागपर्यंत लांबवून सामानाची जागा वाढवलेल्या मोटारीला. बेल्जियममध्ये तिला ‘ब्रेक’ म्हणतात. तिचे कारण बाजारात नसून स्वयंपाकघरात आहे. कंदमुळे वर्ज्य असलेल्या कुटुंबाने महामार्गावरच्या उपाहारगृहात काय खावे? त्यामुळे प्रवासाला निघताना थेपले, खाकरे, सुकी भाजी, पाण्याची भांडी, आजींची चाकाची खुर्ची आणि नातवंडाची बाबागाडी असा सारा संसार बरोबर निघतो. भारतात या आकाराच्या मोटारीला कधी फारसे गिऱ्हाईक लाभले नाही. पुण्यात बनलेली टाटा इस्टेट आज जुन्या छायाचित्रांतच अधिक दिसते. युरोपात मात्र ती कुटुंबवत्सल गृहस्थाची खूण आहे.

आता तिसरी पिढी चालकाच्या आसनावर आली आहे. तिला सामानाची जागा हवी आणि वेगही हवा. पूर्वेला सव्वाशे-दीडशे किलोमीटरांवर जर्मनीची सीमा लागते, आणि तेथील महामार्गाच्या काही टप्प्यांवर वेगाला मर्यादा नाही. वडिलांना मात्र आडदांड दिसणारी मोटार पेढीसमोर नको असते. या दोहोंच्या तडजोडीतून ज्या मोटारी पुढे येतात त्यांत स्कोडा ऑक्टाव्हियाची आरएस ही आवृत्ती उदाहरणादाखल घेण्यासारखी आहे. 2013 साली आलेल्या तिच्या तिसऱ्या पिढीत एकाच शरीरात दोन इंजिनांचा पर्याय होता. पेट्रोल इंजिन 220 अश्वशक्तीचे, डिझेल 184 अश्वशक्तीचे. ओढण्याच्या जोरात मात्र डिझेल सरस : पेट्रोलचे 350 न्यूटन-मीटर, तर डिझेलचे 380. थांबलेल्या स्थितीतून ताशी 100 किलोमीटरचा वेग गाठण्यास पेट्रोलला सुमारे सात सेकंद, डिझेलला आठाहून थोडी अधिक. सामानाची जागा दोन्हींत सारखीच, 610 लिटर. कंपनीच्या आकड्यांनुसार शंभर किलोमीटरला पेट्रोल सहा लिटरांहून थोडे अधिक आणि डिझेल साडेचार लिटरांच्या आसपास. प्रत्यक्ष रस्त्यावर दोघींची भूक यापेक्षा मोठीच असते.

एकेकाळी या निवडीत विचार करण्यासारखे काही नव्हते. 2010 च्या सुमारास बेल्जियममध्ये विकल्या जाणाऱ्या दर चार नव्या मोटारींपैकी तीन डिझेलच्या असत. डिझेलवर अबकारी कर कमी होता, मोटार बहुधा कंपनीच्या नावे घेतली जाई, आणि कंपनीच्या कराचा हिशेब कर्बवायूच्या प्रमाणावर बसत असल्याने कमी इंधन पिणाऱ्या डिझेलला सवलत मिळे. व्यापाऱ्याने दुसरे काय घ्यावे? पुढे सप्टेंबर 2015 मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल इंजिनांत चाचणी ओळखून धूर लपवणारी आज्ञावली असल्याचे उघड झाले आणि डिझेलची प्रतिष्ठा मावळली. त्याच सुमारास बेल्जियम सरकारने डिझेलवरचा अबकारी कर टप्प्याटप्प्याने वाढवत नेला आणि 2018 मध्ये तो पेट्रोलच्या बरोबरीला आणला. पंपावरचा जुना फायदा त्या दिवशी संपला. पेढीवरची सवय मात्र संपली नाही; आजही एखादे काका ‘डिझेल म्हणजे बचत’ हे वाक्य तीस वर्षांपूर्वीच्याच आत्मविश्वासाने उच्चारतात.

वहीत हिशेब मांडावा. प्रत्यक्ष वापरात पेट्रोल मोटार शंभर किलोमीटरला आठ लिटर आणि डिझेल सहा लिटर घेते असे धरू; दोन्ही इंधनांचा भाव लिटरला 1.60 युरो धरू; आणि डिझेल मोटार 2,000 युरोंनी महाग धरू. वर्षाला 12,000 किलोमीटर चालणाऱ्या घरात 240 लिटर वाचतात, म्हणजे 384 युरो. वरचे दोन हजार वसूल व्हायला पाच वर्षांहून अधिक काळ लागतो. वर्षाला 30,000 किलोमीटर चालणाऱ्या घरात 600 लिटर, म्हणजे 960 युरो वाचतात आणि दोन वर्षांच्या थोडे पुढे हिशेब फिटतो. यात डिझेलची महागडी दुरुस्ती अजून धरलेलीच नाही. तेव्हा खरा प्रश्न इंधनाच्या भावाचा नसून वर्षभरात किती दूर जायचे याचा आहे. श्रावकाच्या बारा व्रतांत दिशापरिमाण नावाचे व्रत आहे : कोणत्या दिशेला किती अंतरापर्यंत जाईन याची मर्यादा आधीच ठरवून घेणे. मोटार विकणारा आज गिऱ्हाईकाला पहिला प्रश्न हाच विचारतो, आणि बहुतेक गिऱ्हाइके उत्तर फुगवून सांगतात.

अंतराच्या एकूण बेरजेइतकेच महत्त्व ते अंतर कसे कापले जाते याला आहे, आणि अँटवर्पमध्ये डिझेल हरते ते येथे. आधुनिक डिझेल मोटारीच्या धुराच्या मार्गात काजळी अडवणारी गाळणी असते. गॅरेजमध्ये तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी जाळून टाकण्यासाठी गाळणीचे तापमान सुमारे 600 अंशांपर्यंत न्यावे लागते. काहीशे किलोमीटरांनी एकदा मोटार हे काम आपण होऊन सुरू करते : थोडे जास्तीचे इंधन सोडते, धूर तापवते. या कामाला सलग दहा-वीस मिनिटांचा मोकळा रस्ता लागतो. आता जानेवारीतली सकाळ डोळ्यांसमोर आणावी. बाहेर शून्याच्या आसपास तापमान, इंजिन गारठलेले, विल्रेकहून मुलांची शाळा, तिथून स्थानकाजवळचे वाहनतळ, वाटेत सात-आठ सिग्नल. इंजिन जेमतेम कोमट होते तोच किल्ली फिरते. गाळणीचे काम अर्धवट राहते; दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू, पुन्हा अर्धवट. न जळालेले इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ओघळून वंगणतेलात मिसळते, तेल पातळ होते, आणि एके दिवशी समोर पिवळा दिवा लागतो. मोटारीत दोष नसतो. लांब पल्ल्याच्या बैलाला घाण्याला जुंपल्यावर असेच व्हायचे. पेट्रोल इंजिन लवकर तापते आणि अशा तुटक फेऱ्या तक्रार न करता सोसते.

याहून ठळक उत्तर नगरानेच आपल्या नकाशावर लिहून ठेवले आहे. 1 फेब्रुवारी 2017 रोजी अँटवर्पने वर्तुळमार्गाच्या आतला भाग आणि नदीचा डावा तीर हा कमी प्रदूषणाचा विभाग ठरवला. बेल्जियममधला हा पहिलाच. कॅमेरे प्रत्येक मोटारीचा क्रमांक टिपतात. 2020 पासून आत येण्यासाठी डिझेलला किमान युरो 5 मानक लागते, पेट्रोलला मात्र युरो 2 पुरते. म्हणजे 1998 ची युरो 2 पेट्रोल मोटार निर्धास्त आत शिरते आणि 2009 ची सुस्थितीतली युरो 4 डिझेल दारातच अडखळते. विल्रेक आणि एडेखेम वर्तुळाबाहेर, हिऱ्यांचा बाजार वर्तुळात. देरासर रेषेच्या अलीकडे, पेढी पलीकडे. ही रेषा रोज दोनदा ओलांडावी लागते. ज्याला मोटार दहा वर्षे वापरायची आहे त्याने हा फरक विसरू नये.

डिझेलची बाजूही पोकळ नाही. सुट्टीत हीच कुटुंबे कॅलेच्या बोगद्यातून रेल्वेवर मोटार चढवून इंग्लंडात जातात : लंडनच्या उत्तरेला पॉटर्स बारचे देरासर, पुढे लेस्टरचे 1988 साली प्रतिष्ठा झालेले जिनालय. पॅरिस साडेतीनशे किलोमीटरांच्या आत, जिनिव्हा साडेआठशेच्या घरात. मोटार माणसांनी आणि डब्यांनी भरलेली, आर्देनच्या टेकड्यांचा चढ समोर. अशा वेळी डिझेलचा खालच्या फेऱ्यांतला जोर आणि एका टाकीत सहज आठशे किलोमीटर जाण्याची ताकद यांना तोड नाही. तरी याही वाटांवर दारे आहेत. पॉटर्स बार लंडनच्या हद्दीबाहेर असले, तरी नातलगांना भेटायला शहरात शिरल्यास ऑगस्ट 2023 पासून साऱ्या बरोंमध्ये डिझेलला युरो 6 आणि पेट्रोलला युरो 4 नसेल तर दररोज शुल्क पडते. वर्षातून दोन-तीन अशा यात्रांसाठी उरलेले तीनशे साठ दिवस चुकीचे इंजिन वागवणे, हा व्यापारी शहाणपणा म्हणता येत नाही.

राहिला हिंसेचा प्रश्न, आणि तो सोपा नाही. एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे 2.6 किलो कर्बवायू निघतो, पेट्रोलमधून सुमारे 2.3 किलो. वरच्याच हिशेबाने शंभर किलोमीटरला डिझेल साधारण 16 किलो आणि पेट्रोल 18 किलोंहून थोडा अधिक सोडते. म्हणजे साऱ्या पृथ्वीचा विचार केला तर डिझेल थोडे सौम्य. परंतु 2012 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात घातले, आणि नायट्रोजनची ऑक्साइडे जुन्या डिझेलमधून विशेष निघतात. तो धूर दूरच्या आकाशात जात नाही; शाळेच्या फाटकाशी, मुलांच्या नाकाच्या उंचीवर रेंगाळतो. पेट्रोलही निष्पाप नाही : थेट फवारणीच्या पेट्रोल इंजिनांतूनही सूक्ष्म कण निघतात आणि 2018 नंतर त्यांनाही गाळणी बसवावी लागली. श्वेतांबर ग्रंथांतील पंधरा कर्मादानांत गाड्या बनवण्याचा आणि भाड्याने चालवण्याचा धंदाही गणला आहे. साधू-साध्वी तर वाहन वापरतच नाहीत, त्यामुळे अँटवर्पच्या देरासरात विहार करत येणाऱ्या मुनींचे दर्शन दुर्लभ. गृहस्थाला वाहन सुटत नाही. त्याने निदान जवळच्या जिवाला होणारी इजा आधी टाळावी, आणि गर्दीच्या वस्तीत रोज फिरणाऱ्या मोटारीसाठी पेट्रोल हा अधिक योग्य पर्याय ठरतो.

बाजारानेही काही उत्तरे दिली आहेत. 2024 च्या नूतनीकरणात ऑक्टाव्हिया आरएस केवळ 265 अश्वशक्तीच्या पेट्रोल इंजिनात उरली. डिझेल आरएस बंद झाली. आणि बेल्जियममध्ये 1 जानेवारी 2026 पासून कंपनीच्या नावे नव्याने घेतलेल्या निव्वळ पेट्रोल वा डिझेल मोटारीचा खर्च करातून वजा होत नाही, म्हणून अनेक पेढ्यांच्या वाहनतळात आता विजेच्या मोटारी दिसू लागल्या आहेत. तरी स्वतःच्या पैशाने, वापरलेली इस्टेट घेणाऱ्या कुटुंबापुढे जुना प्रश्न उभाच आहे. ज्या घरातला एखादा भाऊ दर आठवड्याला जर्मनी किंवा स्वित्झर्लंडच्या वाटेवर असतो, त्या घराने युरो 6 ची डिझेल खुशाल घ्यावी. मात्र तिची सेवा-नोंदवही तपासावी, आधीच्या मालकाने ती शहरातच फिरवली होती का हे विचारावे, आणि मुलांना शाळेत सोडायला ती मुळीच काढू नये. अँटवर्प हे सपाट गाव आहे. तेवढ्यासाठी सायकल पुरते.