अम्मी, भाई आणि वायफायचं कार्ड

घरात अजून डेस्कटॉप कशाला ठेवलाय, असं येणारे-जाणारे विचारतात. लॅपटॉप आहे, मोबाईल तर प्रत्येकाच्या हातात. पण अम्मीला ऐकायला फार कमी येतं. कानाचं मशीन लावलं की माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो, म्हणते. ते डबीत पडून असतं आणि ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते. मोबाईलवर ओठ नीट दिसत नाहीत, बावीस इंची पडद्यावर दिसतात. दर जुम्म्याला रात्री नऊला, म्हणजे कुवेतच्या साडेसहाला, भाईचा व्हिडिओ कॉल येतो. त्या वेळी त्या खुर्चीवर दुसरं कुणी बसत नाही.

२०२५ च्या जूनमध्ये, बकरीद झाल्यावर, कॉल अडकायला लागला. आवाज यायचा, चित्र थिजायचं. आम्हाला ती किरकोळ कटकट वाटली. अम्मीसाठी मात्र भाई वाक्याच्या मध्येच गप्प होत होता. ती हसून मान हलवायची आणि मला वाटायचं, तिला कळतंय.

खालापूरचा पाऊस सुरू झालेला, त्यामुळे पहिला संशय लाइनवर. इंटरनेटवाल्या पोरावर दोनदा चिडलोही. मग लक्षात आलं की त्याच टेबलावर, त्याच वायफायवर माझा मोबाईल व्यवस्थित चालतोय. शेवटी कॉम्प्युटरवरून राउटरला पिंग लावून बसलो. घरातल्या घरात उत्तर यायला दोन-तीन मिलिसेकंद पुरतात. इथे मध्येच नऊशे लागायचे, मध्येच उत्तरच नाही. म्हणजे बाहेरच्या लाइनचा काही दोष नव्हता. बिघाड कॉम्प्युटर आणि राउटर यांच्यामधल्या वीस फुटांत होता. हे आधी केलं असतं तर त्या पोराची बोलणी वाचली असती.

डिव्हाइस मॅनेजर उघडला. कार्डावर पिवळं उद्गारचिन्ह नव्हतं. विंडोजने मध्यंतरी ड्रायव्हर बदलला होता, जुना परत आणला. फरक शून्य. मग कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन, वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करायची विंडोजला दिलेली मुभा काढून घेतली. दोन दिवस बरं वाटलं. जुम्म्याला पुन्हा तेच.

खोपोलीतला एक दुकानदार म्हणाला, "विंडोज १० आता संपतंय, नवीन मशीनच घ्या." १४ ऑक्टोबरला मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट थांबणार होता हे खरं, पण त्याचा माझ्या कार्डाशी काय संबंध? त्याचा दुसरा सल्ला मात्र शहाणपणाचा होता: केबल टाका. पण मधली भिंत दीड फुटी दगडी, आणि दारातून वायर आणायची तर रात्री उठणाऱ्या अम्मीच्या पायात येणार.

मग राउटरशी खेळलो. कार्ड ५ गिगाहर्ट्झवर जोडलेलं होतं. त्यात वेग जास्त, पण जाड भिंतीपुढे ते लवकर दमतं. २.४ गिगाहर्ट्झ भिंतीतून त्यापेक्षा बरं जातं, पण तिथे गर्दी. शेजारच्या घरांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, सगळे त्याच पट्ट्यात. २.४ वर आणून चॅनेल ११ ठेवला, कारण १, ६ आणि ११ हे एकमेकांवर चढत नाहीत. अडकणं कमी झालं, थांबलं नाही.

तिसऱ्या जुम्म्याला कॉल झाल्यावर अम्मी म्हणाली, "त्याला माझ्याशी बोलायचं नसेल तर सांग मला. रोज उठून पडद्यासमोर कशाला बसवतोस?" रोज नव्हे, आठवड्यातून एकदा, पण ते सांगायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशी फजर पढून आलो आणि वायरी काढून कॅबिनेट कोपऱ्यातून ओढून बाहेर काढला. बाजूचं झाकण उघडलं, कार्ड काढून त्याचे सोनेरी संपर्क खोडरबराने हलके घासले. पावसाळ्यात आमच्याकडे ओल कुठेही शिरते, खोडरबराचा हा उपाय जुने मेकॅनिक करतात. कार्ड परत बसवून अँटेना जुळवायला मागे मोबाईलचा टॉर्च मारला, तर दोनपैकी एक अँटेना आपल्या पेचातून सुटून नुसती लोंबत होती. दुसरी लोखंडी कपाटाला टेकलेली. बकरीदच्या आधी साफसफाई करताना कॅबिनेट तिथे मीच ढकलला होता. सिग्नलच्या पट्ट्या तेव्हापासून निम्म्याच दिसत होत्या, मी पावसावर ढकलून मोकळा झालो होतो.

अँटेना हाताने आवळली, पकड लावली नाही, पेच नाजूक असतो. कॅबिनेट कपाटापासून दूर, टेबलावर घेतला. पिंग लावलं. दोन, तीन, दोन, दोन. चहा होईपर्यंत बघत बसलो, एकदाही चुकलं नाही.

पुढच्या जुम्म्याला भाईचा चेहरा एकदाही थिजला नाही. अम्मी खुर्चीच्या कडेला सरकून बसलेली. त्याने तेच वाक्य चौथ्यांदा सुरू केलं, जे मी तीन आठवडे कानाने ऐकत होतो आणि अम्मीपर्यंत पोचलंय असं धरून चाललो होतो: डिसेंबरमध्ये त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय, पुढचं घेत नाहीये, कायमचा घरी येतोय. सवयीने तो सावकाश, मोठ्याने, परत एकदा सांगायला लागला.

"ओरडतोस कशाला?" अम्मी म्हणाली. "कळलं मला. सामान किती आणणार ते सांग, ह्याच्या कपाटात जागा नाहीये."